आजोबांचा कोट, आजीच्या बुगड्या

आमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नाही. धोतर, सदरा, टोपी आणि थंडी फारच पडली तर अंगावर घोंगडी. तरी ओसरीच्या भिंतीवर ते तीस वर्षांपासून काळ्या कोटात बसलेले आहेत. वर टायसुद्धा आहे.

1994 साली ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. सोसायटीच्या कसल्याशा कार्यक्रमातला एक ग्रुप फोटो होता. त्यात मागच्या रांगेत दोन माणसांमध्ये दाटीवाटीने उभे असलेले आजोबा, एक कान शेजारच्याच्या डोक्याआड गेलेला. पप्पा तो फोटो घेऊन जळगावच्या एका स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने त्यातलं बोटाच्या पेराएवढं डोकं मोठं करून ब्रोमाइडवर (म्हणजे फोटोच्या कागदावर) उतरवलं, झाकलेला कान ब्रशने काढला, मानेखाली कोट रंगवला, गालांना जरा गुलाबी हात मारला आणि आठ दिवसांनी बारा बाय पंधराची फ्रेम हातात दिली. कोटाचे वेगळे पैसे घेतले नाहीत, असं पप्पा अजून सांगतात. त्या काळी अशीच रीत होती. आमच्या गल्लीत अशा कोटातल्या चार आजोबांची घरं मी दाखवू शकते, आणि चारही कोट एकाच मापाचे.

मी पुण्यात फोटोग्राफी शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. शिकायला लागल्यावर त्या फोटोतली एक गोष्ट मला दिसली, जी घरात कुणालाच कधी दिसली नव्हती. आजोबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आला आहे आणि कोटाच्या गुंड्यांवर चमक उजवीकडून. एकाच माणसावर दोन सूर्य. मी हे पप्पांना मोठ्या उत्साहाने दाखवलं होतं. पप्पा म्हणाले, "बरं मग?"

नाताळच्या सुट्टीत घरी आले ती कामासह. सरांनी दहा फोटो मागितले होते, विषय 'घरातला उजेड'. नियम कडक. क्रॉप करा, उजेड कमीजास्त करा, बास. फोटोत काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. ज्याला बातमीदारीचा फोटो काढायचा आहे त्याला ही शिस्त लागतेच; वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत काही घातलं-पुसलं असं आढळलं की फोटो सरळ बाद होतो.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठच्या पट्ट्यातलं. डिसेंबरात तिकडे उजेड फार सुंदर असतो, हे मी आता म्हणते. लहानपणी तो नुसता थंडीचा उजेड होता. कापसाची वेचणी चाललेली, दादर पोटरीला आलेली (आमच्याकडे दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, मुंबईच्या स्टेशनाची गोष्ट पुढे येईल), आणि शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या. पहिले तीन दिवस मी खूप फोटो काढले. पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी फुटेपर्यंत भाजतात, साल काढून लाकडी बडजीत हिरवी मिरची आणि लसणासोबत बडवतात, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या. त्या धुरातून तिरपं ऊन आलं की कुणीही उठून फोटो काढावा आणि तो चांगला यावा. तसाच तो आला, कुणीही काढावा तसा.

खरी अडचण माणसांची. आमच्याकडे कॅमेरा दिसला की बायका पळतात, आणि पळतात त्या लपायला नव्हे, साडी बदलायला. काकू चुलीपुढे बसलेली, धाब्याच्या सान्यातून (छतातल्या झरोक्यातून) उजेडाचा खांब थेट तिच्या परातीत उतरलेला, मी श्वास रोखून कॅमेरा उचलला तर काकू उठून आत. पाच मिनिटांनी लग्नातली साडी नेसून दारात उभी, हात सरळ, नजर सरळ, पासपोर्टला द्यावी तशी. उजेडाचा खांब तोवर परातीतून जमिनीवर गेला होता.

चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "ते सर्वं ऱ्हाऊ दे. मन्हा एक भिंतवरना फोटू काढ."

भिंतीवरचा म्हणजे कोणता, हे आमच्या घरात फोड करून सांगावं लागत नाही. आई म्हणाली, "असं काय बोलता हो सकाळी सकाळी," आणि चहा ठेवायला आत गेली. आजीच्या आवाजात मात्र बियाण्याची पिशवी सांगावी इतपतच भाव होता. तिचं म्हणणं होतं की आजोबांसारखं डोकं कापून आणायची वेळ तिच्यावर येऊ नये. आहे घरात शिकलेली पोरगी, तर आत्ताच काढून ठेवावा.

तिच्या अटी होत्या. फ्रेम आजोबांच्या फ्रेमएवढीच. तिने वितीने मोजून दाखवलं. रंग त्यांच्यासारखाच, "येलो टीव्हीसारखा" भडक नको (हा शब्द तिने कुठून उचलला देव जाणे). सुरकुत्या राहू द्यायच्या. हनुवटीवरचं गोंदण दिसलं पाहिजे. आणि कानात बुगड्या पाहिजेत.

बुगड्या तिच्याकडे नव्हत्या. त्या फुईला लग्नात दिल्या होत्या (आत्याला आम्ही फुई म्हणतो), आणि फुई डोंबिवलीला. आजीच्या कानाच्या वरच्या कडेला भोकं तेवढी आहेत, बारीक, जवळजवळ मिटलेली.

मी म्हटलं, "आजी, ज्या घातल्या नाहीत त्या फोटोत कशा येतील?"

तिने भिंतीकडे बोट केलं. "तेस्ले कोट घाली दिना. कान काढी दिना. मंग मले बुगड्या कसाले नही?"

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडे याला उत्तर नसतं. सरांकडे असेल.

मग मी कामाला लागले. कामाला बसले तेव्हा लक्षात आलं की हा एकट्या आजीचा फोटो नाहीच. तीस वर्षांपूर्वी तयार झालेल्या एका फोटोचा हा उरलेला अर्धा भाग आहे. सगळं त्याच्याशी जुळवून घ्यायचं होतं. आजोबांची नजर समोर नाही, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला जाते. नवऱ्याच्या डाव्या अंगाला बायको, म्हणजे भिंतीवर आजीची फ्रेम बघणाऱ्याच्या उजव्या हाताला लागणार. तेव्हा आजीचा चेहरा आपल्या डावीकडे वळलेला हवा, नाहीतर जन्मभर एकमेकांकडे पाठ. उजेड दोघांवर एकाच बाजूने हवा, डावीकडून. याचा अर्थ असा की आजोबा उजेडाकडे पाठ करून बसणार आणि आजी त्याच उजेडाकडे तोंड करून. नाकाच्या सावलीचं टोक त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याशी येतं, म्हणजे उजेड डोक्याच्या जरा वरून.

अंतराचा प्रश्न सगळ्यांत उशिरा सुचला. ग्रुप फोटो लांबून काढलेला असतो. लांबून काढलेला चेहरा चपटा येतो, जवळून काढला की नाक मोठं आणि कान मागे पळतात. मी माझ्या आवडत्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने चार हातांवरून काढला असता तर फोटो एकटा छान दिसला असता, आणि आजोबांशेजारी ठेवला की आजी भिंतीतून पुढे झुकल्यासारखी वाटली असती. म्हणून स्वस्तातली झूम लेन्स लावली आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, धान्याच्या कोठीला पाठ टेकवून बसले. कॅमेरा उभा धरला की फ्रेम 4000 बाय 6000 पिक्सेलची. बारा बाय पंधरासाठी 4000 बाय 5000 कापायची. प्रिंटला इंचामागे 300 पिक्सेल धरले तर 3600 बाय 4500 लागतात. हिशेब वहीत मांडला; जेमतेम बसत होतं. डोक्यावर जास्तीची जागा सोडायची चैन नव्हती.

पूर्वेच्या खिडकीतून नऊपर्यंत थेट ऊन येतं. ते चेहऱ्यावर पडलं की आजी डोळे बारीक करते. खिडकीला लावायला पातळ पांढरं कापड शोधलं. आईने पेटीतून एक जुनं धोतर काढून दिलं. ते ताणून बांधल्याबरोबर ओसरी दुधासारखी झाली. पाठीमागे घोंगडी टांगली. आजी स्टुलावर बसली, कापडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाई तेस्नं धोतर शे ना?" आई म्हणाली, "हो." पुढे कुणी काही बोललं नाही. मी मीटर बघत होते.

आजी कॅमेऱ्यापुढे दगड होते. एरवी तिच्या चेहऱ्यावर पाच मिनिटांत दहा ऋतू. कॅमेरा उचलला की तोंड मिटून, मान ताठ, अंगठा द्यायला तलाठ्यासमोर उभी असावी तशी. "डावीकडे बघ" म्हटलं की डोळे तेवढे डावीकडे जायचे, मान समोर. दहा-बारा फोटो असे फुकट गेले. बोलत राहा म्हटलं तर तिने मला पुण्याच्या खोलीचं भाडं विचारलं आणि ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. त्या आठ्यांचा एक फोटो आहे, उत्तम आहे, पण भिंतीवरचा नाही.

शेवटी आजोबांची फ्रेमच खाली उतरवली आणि जिथे तिने बघायला हवं होतं तिथे, खिडकीच्या अलीकडे, खुर्चीवर ठेवली. पंचवीस-तीस वर्षांत ती फ्रेम पुसण्याशिवाय कधी खाली आली नसावी. आजीने मान आपणहून वळवली. खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिली, मग मला म्हणाली, "कोटमा कसा सायेब दिसस देख." तेव्हा मी शटर दाबलं. f/5.6, 1/160, आयएसओ 1600. त्यानंतर अजून वीस काढले, पण फोटो तो एकच होता, हे दोघींना कळलं होतं.

उरल्या बुगड्या. पुण्याला परतताना मुंबईला फुईकडे जायचंच होतं. आता जायचं आधी आणि परत गावी यायचं, असं ठरलं. पप्पांनी मला 24 तारखेला एसटीने चाळीसगावला सोडलं. गाडीला वेळ होता. मी स्टेशनजवळच्या छायाचित्रकार केकी मूस यांच्या बंगल्यात गेले.

फोटोग्राफी शिकते असं सांगितलं की पुण्यात मला लोक बाहेरदेशीची नावं विचारतात. मूस चाळीसगावचे म्हणून आमच्या भागात निदान नाव तरी माहीत असतं, काम क्वचित. जन्म 1912 सालचा, मुंबईचा, पारशी घरातला. इंग्लंडला कला शिकून आलेला हा माणूस चाळीसगावच्या 'आशीर्वाद' बंगल्यात शिरला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं उंबरा ओलांडून क्वचितच बाहेर आला. 31 डिसेंबर 1989 ला तिथेच गेला. कुणा एकीची वाट बघत ते रोज रात्री पंजाब मेल येऊन जाईपर्यंत जागे राहायचे, असं गावात सांगतात. आणि हीच एक गोष्ट सगळे सांगतात. माझा त्यावर जरा राग आहे. माणसाने एवढं काम करावं आणि लोकांच्या लक्षात गाडीचं टायमिंग राहावं.

त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीसाठी. टेबलावर हाताशी असलेल्या वस्तू मांडायच्या, त्यांतून डोंगर, वाट, झाड, आभाळ असं अख्खं दृश्य उभं करायचं, आणि उजेड असा टाकायचा की बघणारा म्हणेल, ही जागा कुठे आहे? जागा कुठेच नाही. खोलीच्या बाहेर न पडता माणूस जगभर हिंडून आला. मी तिथल्या फोटोंपुढे सावल्या बघत उभी राहिले. खोटा डोंगर खरा दिसतो तो सावलीमुळे. एकही सावली चुकीच्या दिशेला नव्हती. जळगावच्या स्टुडिओवाल्याला हे कुणी सांगितलं असतं तर कोटाच्या गुंड्या वाचल्या असत्या.

(खानदेशाच्या मातीत फोटोग्राफीतलं आणखी एक नाव आहे आणि तेही फारसं कुणी घेत नाही. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं उतरवून काढणारा आणि पुढे तिथले स्टिरिओ फोटो (जोडीने बघितले की खोली दिसते असे) काढणारा मेजर रॉबर्ट गिल 1879 साली वारला. थडगं भुसावळला आहे. त्याने रंगवलेल्या बऱ्याचशा नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. फोटो उरले.)

रात्री उशिरा डोंबिवलीला पोचले. फुईने दार उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न विचारला, "भरताची वांगी आणली का?" आणली होती, चार किलो, कॅमेऱ्याच्या बॅगेपेक्षा जड. दुसरा प्रश्न मी विचारला, बुगड्यांचा. त्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या. आणि दुसऱ्या दिवशी 25 डिसेंबर, बँक बंद.

त्यामुळे मला मुंबईचा एक अख्खा मोकळा दिवस मिळाला. पहाटेची लोकल धरून दादरच्या फुलबाजारात गेले. पुलाखाली झेंडूचे ढीग, डोक्यावर गोण्या घेऊन पळणारे लोक, पिवळे दिवे, आणि माझ्यासारखेच अकरा जण गळ्यात कॅमेरे अडकवून. मोजले मी. एका फुलवाल्याने न विचारताच टोपली तिरकी धरून पोज दिली आणि म्हणाला, "ताई, इकडून घ्या, सगळे इकडूनच घेतात." मी इकडूनच घेतला. फोटो झकास आला. तोच फोटो मी आधी किमान पन्नास वेळा पाहिलेला होता.

मग सीएसएमटी. 1887 सालची ती इमारत मी लहानपणापासून कॅलेंडरवर बघत आले, पण तिच्या दगडात कोरलेल्या माकडांना आणि घुबडांना भेटायला जावंच लागतं. तिथून जे. जे. कला महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत चालत गेले. आत जायचं काही काम नव्हतं. होमाई व्यारावाला इथे शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, एवढ्यासाठी फाटकाला नमस्कार केला. सुट्टी होती, रखवालदार बघत होता, नमस्कार मनातच केला. काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. पाय मोडले. दिवसभरात 412 फोटो. गाडीत बसल्या बसल्या पुसायला सुरुवात केली आणि ठाणे येईपर्यंत नऊ उरले. मुंबईत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुणी साडी बदलायला जात नाही, मनात येईल तो फोटो काढता येतो. मला वाटायचं मला हेच हवं आहे. काकूच्या परातीतला उजेड गेला तेव्हा मी चिडले होते. इथे चिडायलाही कुणी देत नव्हतं.

26 ला सकाळी फुई आणि मी बँकेत. रजिस्टरवर सही, एक किल्ली त्यांची, एक फुईची. प्लॅस्टिकच्या डबीत, कापसात गुंडाळलेल्या दोन बुगड्या. मोत्यांचा घेर, मधे लाल खडा, एकीचा एक मोती नंतर बसवलेला, जरा जास्तच पांढरा. फुई म्हणाली, "घालून बघते."

माझा बेत साधा होता. बुगडी एखाद्या वस्तूवर टोचून तिचा फोटो काढायचा, कापायचा आणि आजीच्या कानाला लावायचा. आधी बटाट्यावर लावून बघितली. फोटो चांगला आला आणि कामाचा नव्हता. दागिना कानावर बसतो तेव्हा कातडीवर त्याची बारीकशी सावली पडते, सोन्याचा पिवळा अंश कडेला उमटतो, कान किंचित दबतो. बटाटा दबत नाही. मी संगणकावर सावली रंगवून बघितली, अगदी जळगावच्या कोटासारखी दिसली.

मग फुईलाच बसवलं. तिचा कान आजीसारखाच आहे, वरची कड जरा चपटी, पाळी लांब. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. लेन्स तीच हवी, अंतर तेच हवं, म्हणजे ओसरीएवढी लांबी. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये ओसरी कुठून आणायची? फुई स्वयंपाकघराच्या खिडकीशी, मी हॉल ओलांडून गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांत पाठ घुसवून. समोरची इमारत गुलाबी रंगाची, तिचा उजेड सगळ्या खोलीत गुलाबी. ग्रे कार्ड (रंग जुळवायचा करडा पुठ्ठा) धरून रंग नीट केला. खिडकीला फुईने बेडशीट लावलं. शेजारीण डोकावून म्हणाली, "काय, मुलगी बघायला येणार आहेत का कुणी?"

फोटो काढून झाल्यावर फुई हळूच म्हणाली, "कुंकूपण लाव ना तिला. शेजारी भाऊ असणार, बरं दिसेल." पप्पांच्या वडिलांना फुई भाऊ म्हणते. मी म्हटलं, विचारू. फोन लावला. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुंकू नको. बुगड्या मन्ह्या शेतस." फोन ठेवला. फुई बराच वेळ भांडी घासत राहिली.

रात्री जोडकाम केलं. नुसती बुगडी कापली असती तर सावली गेली असती, म्हणून कानाच्या कडेसकट उचलली आणि आजीच्या कानावर बसवली. कड मऊ केली, कातडीचा पोत जुळवला, दोन्ही फोटोंचा दाणा सारखा केला. रंग अर्ध्याहून जास्त उतरवला, वर किंचित तपकिरी झाक दिली, जुन्या ब्रोमाइडला वर्षांनी येते तशी. पहाटे तीनला स्क्रीनवर आजी बुगडी घालून बसली होती. तिच्या कानाची वरची कड फुईची आहे. हे मी अजून दोघींनाही सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते. फोटोत बुगडी एकच आहे. चेहरा वळलेला, त्यामुळे कान एकच दिसतो.

27 ला फोर्टमध्ये प्रिंटला गेले. बोरा बाजारच्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं बघत तासभर घालवला, खिशाला परवडलं ते एक लेन्सचं झाकण घेतलं. जवळच्याच एका लॅबमध्ये प्रिंट काढली. ती हातात आली आणि माझं तोंड उतरलं. आजी अंधारात. घोंगडी, केस, लुगडं सगळं एक झालेलं. काउंटरवरच्या काकांनी माझ्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, "ब्राइटनेस किती ठेवतेस?" पूर्ण ठेवते. रात्री तीनला अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडाच्या स्क्रीनवर बघून केलेलं काम कागदावर काळंच येणार. कागद स्वतः उजळत नाही. त्यांनी स्क्रीन निम्म्यावर आणायला लावली, तिथेच बसून मी फोटो उजळला, आणि त्यांनी दुसरी प्रिंट काढली. चकचकीत कागद नको म्हणाले. काचेमागे गेला की त्यात आरसा दिसतो. लस्टर, म्हणजे अर्धवट चमकेचा, घेतला. पहिल्या प्रिंटचे पैसे अर्धेच घेतले. ती काळी प्रिंट मी ठेवली आहे, पुण्याच्या खोलीत टेबलासमोर लावली आहे, ब्राइटनेस वाढवायला हात गेला की दिसावी म्हणून.

28 च्या रात्री निघून 29 ला घरी. फ्रेम चाळीसगावातच करून घेतली, आजोबांच्या फ्रेमसारखी काळी पट्टी मिळाली नाही, चॉकलेटी घ्यावी लागली. आजी म्हणाली, चालस.

आईने दोन्ही फ्रेमा खाटेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. मी इतके हिशेब करून नजरा जुळवल्या होत्या, पण जुळलेल्या नव्हत्या. ग्रुप फोटोतले आजोबा कुठेतरी वर, बहुधा व्यासपीठाकडे बघत असावेत; आजी खुर्चीवर ठेवलेल्या फ्रेमकडे, म्हणजे जरा खाली. ती त्यांच्या कोटाच्या गुंड्यांकडे बघते आहे आणि ते तिच्या डोक्यावरून पलीकडे. मी म्हटलं, "आजी, थोडं चुकलं."

तिने चष्मा लावून दोन्हीकडे बघितलं. "नही. असंच व्हतं," म्हणाली.

मग पैसे किती लागले ते विचारलं. मी निम्मे सांगितले, तरी तिने "माय वं!" म्हटलंच. शेवटी बोट बुगडीवर ठेवलं. काचेवरून तिने मोती मोजले, नंतर बसवलेला जास्तीचा पांढरा मोती बरोबर ओळखला, आणि विचारलं, "दुसरी कोठे शे?"

दुसरा कान फोटोत दिसत नाही, असं समजावलं. तिने स्वतःच्या दुसऱ्या कानाला हात लावला, "हं" म्हणाली, फ्रेम नऊवारीत गुंडाळली आणि पेटीत, आजोबांच्या उरलेल्या धोतरांखाली ठेवून दिली. भिंतीवरचा खिळा पप्पांनी ठोकून ठेवायचा म्हटलं तर आईने त्यांच्याकडे असं काही बघितलं की हातोडी परत जागेवर गेली.

सरांना मी नऊच फोटो दिले. दहावा का नाही, हे लिहून द्यायला सांगितलं आहे. अजून दिलेलं नाही.

मंगळवारी माझी दुपारची गाडी. सकाळी दात घासत बाहेर आले तर ओट्यावर गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या येऊन बसलेल्या, तिघी इस्त्रीच्या लुगड्यात. आजीने पेटी उघडून दाखवली असणार. एकीला अंगावर पैठणी हवी होती, जी तिच्या सुनेची आहे. दुसरीने पदराच्या गाठीतून नातवाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो काढला, त्याला शेजारी बसवायचं होतं. पोरगा सुरतेला असतो, येत नाही. मी ओसरीत गेले, धोतर खिडकीला बांधलं, घोंगडी टांगली.

तिसरी आधीच स्टुलावर जाऊन बसली होती. मी मान वळवायला सांगणार तोच तिने हात वर केला.

"मन्हा फोटूमा दोन्ही कान येवाले पाहिजेत."